पिल्लाला वळण लावताना घरालाही वळण हवे

नागपूर, प्रतिनिधी : कुत्र्याचे पिल्लू घरी आले की पहिले दोन-तीन दिवस कौतुकात जातात. नाव ठरते, पट्टा येतो, शेजारची मुले बघायला येतात. त्यानंतर मात्र घरातील बोलणे हळूहळू एकाच विषयाभोवती फिरू लागते. पिल्लाने सकाळपासून किती वेळा घाण केली, कोठे केली आणि ती पुसायची कोणी, हा तो विषय. सतरंज्या गुंडाळून ठेवल्या जातात, दिवाणाच्या पायाशी वास येऊ लागतो आणि 'आणण्याआधीच सांगितले होते' हे वाक्य घरातील कोणीतरी उच्चारतेच.

वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टीवर त्या पिल्लाचे पुढील दहा-बारा वर्षांचे आयुष्य अवलंबून असते. जो कुत्रा घरात घाण करीत नाही, तो माणसांमध्ये राहतो. ज्याला ही सवय लागत नाही, त्याचा मुक्काम आधी गॅलरीत, मग गच्चीवर किंवा फाटकाजवळच्या साखळीला हलतो आणि काही वेळा तर तो घराबाहेरच काढला जातो. यात पिल्लाचा दोष क्वचितच असतो. पिल्लाला घाण करण्याची हौस नसते. कोठे जायचे हे त्याला ठाऊक नसते आणि जेव्हा जायचे असते तेव्हा त्याला नेणारे कोणी जवळ नसते. म्हणूनच 'शी-शू'ची सवय लावण्याचे वेळापत्रक पिल्लासाठी नव्हे, तर घरातील माणसांसाठी आखावे लागते. हे ज्या घराला लवकर उमगते, त्या घरातील फरशी लवकर कोरडी होते.

स्वच्छता उपजत, जागा मात्र शिकवावी लागते

जन्मल्यानंतर साधारण पहिले तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून मलमूत्र विसर्जनही करता येत नाही. आई त्याचा पार्श्वभाग चाटते, त्या स्पर्शाने ही क्रिया घडते आणि आईच ती जागा स्वच्छ करते. तीन आठवड्यांनंतर पिल्ले आपण होऊन झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊ लागतात. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्ले साधारण साडेआठ आठवड्यांची झाली की विसर्जनासाठी ठराविक जागा धरू लागतात, असे त्यांच्या निरीक्षणांतून पुढे आले.

या माहितीला व्यवहारात फार महत्त्व आहे. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणजे नियमाने पिल्लू ज्या वयात नव्या घरी येते, नेमक्या त्याच वयात त्याची आवडती जागा आणि पायाखालचा आवडता पृष्ठभाग ठरत असतो. त्या दिवसांत पायाखाली माती किंवा गवत आले, तर पुढे ते माती आणि गवत शोधते. पायाखाली पायपुसणे आले, तर ते पायपुसणे शोधते. पिंजऱ्यात किंवा अरुंद जागेत स्वतःच्याच घाणीत राहावे लागलेल्या पिल्लाची उपजत स्वच्छता बोथट होते आणि त्याला शिकवायला अधिक वेळ लागतो. पिल्लू घेताना त्याची आई आणि राहण्याची जागा डोळ्यांनी पाहून घ्यावी, हा सल्ला यासाठीच दिला जातो.

मूत्राशयाचा हिशेब

पिल्लाचे मूत्राशय लहान असते आणि त्यावरील स्नायूंचा ताबा वयाबरोबरच येतो. जितके महिने वय, तितके तास धीर, असा एक ढोबळ हिशेब मांडला जातो. दोन महिन्यांचे पिल्लू स्वस्थ असताना दोन तास, फार तर तीन तास थांबू शकते. जागे असताना, विशेषतः खेळताना, हा अवधी अर्ध्या तासावरही येतो. सकाळी साडेनऊला सर्वांनी कार्यालयात आणि शाळेत जायचे व पिल्लाने संध्याकाळी सहापर्यंत फरशी कोरडी ठेवायची, ही अपेक्षा त्याच्या शरीराला झेपणारी नाही. अशा घरात दिवसा कोणीतरी येऊन पिल्लाला बाहेर नेईल, अशी तजवीज पिल्लू आणण्यापूर्वीच व्हायला हवी.

पिल्लाला कोणत्या क्षणी न्यायचे, हे मात्र बऱ्यापैकी आधी सांगता येते. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांच्या आत, पाणी प्यायल्यावर थोड्या वेळाने, खेळ थांबताच आणि रात्री निजण्यापूर्वी, अशा या वेळा होत. पोटात अन्न पडताच आतड्यांची हालचाल वाढते, ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया असल्याने जेवणानंतरची फेरी सहसा वाया जात नाही. याशिवाय पिल्लू खेळता खेळता मध्येच थांबून जमीन हुंगू लागले, एका जागी गोल फिरू लागले किंवा कोपऱ्याकडे, सोफ्यामागे निघाले, तर ती सूचना समजावी. त्या वेळी चप्पल शोधण्यात गेलेले अर्धे मिनिटही पुष्कळ असते. पिल्लाला उचलून नेणे हाच उत्तम उपाय. उचललेले पिल्लू सहसा थांबते.

बाहेर नेल्यावर दर वेळी एकाच जागी न्यावे. तेथील जुना वास पिल्लाला आठवण करून देतो. त्या जागी शांतपणे उभे राहावे. खेळ, गप्पा, मोबाइलवरील बोलणे टाळावे. पिल्लू बसले की एखादा ठरलेला शब्द हलक्या आवाजात उच्चारावा. काही आठवड्यांनी त्या शब्दावरच पिल्लू बसू लागते आणि प्रवासात किंवा पावसात या सवयीचा मोठा उपयोग होतो. पाच-सात मिनिटांत काहीच झाले नाही, तर घरात आणून नजरेसमोर ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यावे. बाहेर काही न करता आत येताच फरशी ओली करणारे पिल्लू हट्टी नसते. बाहेरच्या आवाजांनी आणि वासांनी त्याचे लक्ष विचलित झालेले असते.

शाबासकी लगेच, शिक्षा नाही

ज्या कृतीनंतर लगेच सुखद अनुभव येतो, ती कृती प्राणी पुन्हा करतो. या साध्या तत्त्वावर सारे प्राणिशिक्षण उभे आहे. येथे 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा. पिल्लाने ठरल्या जागी विसर्जन पूर्ण करताच दोन-तीन सेकंदांच्या आत खाऊचा लहानसा तुकडा आणि कौतुकाचा शब्द मिळायला हवा. खाऊ घरात आल्यावर दिला, तर ती घरात येण्याची बक्षिशी ठरते. मग पिल्लू बाहेर गेल्यावर घाईने घरात परतण्याचाच आग्रह धरते. दुसरी एक चूक बहुतेकांच्या हातून होते. पिल्लू बसून उठले की त्याला तत्काळ आत आणले जाते. फिरणे संपते, हे पिल्लाच्या ध्यानात येते आणि ते बसण्याचे लांबवू लागते. आधी विसर्जन, मग पाच मिनिटे फिरणे किंवा खेळणे, असा क्रम ठेवला की ही अडचण उरत नाही.

पिल्लाचे नाक त्याच्या घाणीत घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारणे हे उपाय अनेक घरांतून वडीलधाऱ्यांकडून सुचवले जातात. हे उपाय क्रूर तर आहेतच, शिवाय ते निरुपयोगी आहेत. घटना घडून काही मिनिटे लोटल्यावर केलेल्या शिक्षेचा संबंध पिल्लू त्या घटनेशी जोडू शकत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाशी मात्र ते तो जोडते. परिणामी माणसासमोर बसणे धोक्याचे, एवढेच ते शिकते. मग ते बाहेर साखळी धरणाऱ्यासमोर बसत नाही आणि घरात पलंगाखाली, पडद्यामागे जागा शोधते. 'मुद्दाम लपून करतो' अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा पूर्वीच्या ओरड्यात असते.

'त्याला चूक कळते, म्हणून तर मान खाली घालतो' असा युक्तिवादही केला जातो. न्यूयॉर्कमधील बार्नार्ड महाविद्यालयाच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमकी हीच बाब तपासली. मालकाच्या अपरोक्ष काही कुत्र्यांनी मनाई केलेला खाऊ खाल्ला, काहींनी खाल्ला नाही; परंतु मालकाला दर वेळी खरे सांगितले गेले नाही. तेव्हा कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा त्याने खरोखर चूक केली होती की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून असल्याचे दिसले. कान मागे, नजर खाली, शेपूट आत हे पश्चात्तापाचे नसून भीतीचे आणि शांत करू पाहण्याचे हावभाव असतात.

पिल्लू प्रत्यक्ष घाण करताना दिसले, तर टाळी वाजवून किंवा नावाने हाक मारून त्याचे लक्ष वेधावे, उचलून ठरल्या जागी न्यावे आणि उरलेले तेथे झाल्यास कौतुक करावे. घटना आधीच घडून गेली असेल, तर काहीही न बोलता फरशी पुसावी.

लस पूर्ण नसताना बाहेर कसे न्यायचे?

येथे शहरातील श्वानपालकांसमोर खरा पेच उभा राहतो. सवय लावण्याचे उत्तम वय दोन ते चार महिन्यांचे. नेमक्या याच काळात पिल्लाचे लसीकरण पूर्ण झालेले नसते. डिस्टेंपर, पार्व्हो आदी रोगांची संयुक्त लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत तिच्या मात्रा दिल्या जातात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास दिली जाते.

यांतील पार्व्हो हा विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला आणि अल्पावधीत जगभर पसरला. रक्तमिश्रित जुलाब आणि उलट्यांनी तो लहान पिल्लाचा दोन-तीन दिवसांत बळी घेऊ शकतो. बाधित कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेला हा विषाणू मातीत अनेक महिने टिकून राहतो. त्यामुळे ज्या मोकळ्या भूखंडावर, बागेच्या कडेला किंवा रस्त्यालगत मोकाट कुत्र्यांचा वावर आहे, तेथे लस अपुरी असलेले पिल्लू खाली सोडणे धोक्याचे आहे. चपलांच्या तळव्यांतूनही विषाणू घरात येतो. चपला दाराबाहेर काढण्याची आपल्याकडील जुनी रीत या बाबतीत उपकारक आहे.

मात्र या भीतीने पिल्लाला चार महिने फरशीवरच ठेवले, तर फरशी हीच त्याची जागा ठरते. यातून मध्यम मार्ग निघू शकतो. धरमपेठ, लक्ष्मीनगर किंवा जुन्या ले-आउटमधील ज्या घरांना भिंतीचे कुंपण असलेले आवार आहे आणि जेथे बाहेरचे कुत्रे येत नाहीत, तेथे आवारातील एक कोपरा निश्चित करावा. महाल-इतवारीतील जुन्या घरांत मागचे अंगण किंवा गच्चीचा कोपरा चालू शकतो. आवार नसेल, तर उथळ ट्रेमध्ये स्वच्छ माती किंवा हिरवळीचा तुकडा ठेवता येतो. माती मोकाट कुत्र्यांच्या वावराच्या जागेवरून आणू नये. पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता, माणसे, वाहने दाखवायला मात्र हरकत नाही. बाहेरील जगाची ओळख होण्याचेही हेच वय असते. जमिनीवर केव्हा आणि कोठे सोडायचे, याचा निर्णय आपल्या पशुवैद्यकाला विचारून घ्यावा. नागपूर या बाबतीत सुदैवी आहे. सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून शहरात आहे आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे.

फ्लॅट स्कीममधील पिल्लू आणि वर्तमानपत्र

मनीषनगर, बेसा, वर्धा मार्ग या भागांत बहुमजली फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील पिल्लांची संख्याही वाढली. लिफ्ट खालून येईपर्यंत पिल्लू थांबत नाही, हा तेथील नित्याचा अनुभव. त्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो चुकीचा नाही, पण त्याची मर्यादा ओळखून करावा. पिल्लू केवळ 'न्हाणीघराजवळची जागा' शिकत नाही, ते 'कागद' शिकते. पुढे सोफ्याजवळ पडलेली पुरवणी किंवा मुलांची वही हीही त्याला योग्य जागा वाटू शकते. शिवाय कागदाची सवय मोडून मातीची लावताना दुप्पट कष्ट पडतात. त्यामुळे शेवटी जेथे न्यायचे आहे, त्याच्याशी मिळताजुळता पृष्ठभाग आरंभापासून देणे हिताचे.

कागदच वापरायचा असल्यास तो एकाच जागी, खाण्यापिण्याच्या भांड्यांपासून आणि अंथरुणापासून दूर ठेवावा. बदलताना खालचा किंचित ओलसर कागदाचा तुकडा नव्या कागदाखाली ठेवला, तर वासाने जागेची ओळख राहते. लसीकरण पूर्ण झाल्यावर कागद दाराच्या दिशेने थोडा थोडा सरकवत न्यावा आणि शेवटी बंद करावा.

सोसायटीतील वादांचे मूळही बहुधा येथेच असते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही किंवा त्यांना लिफ्टचा वापर नाकारता येत नाही. परंतु श्वानपालकांनीही आपल्या कुत्र्याची घाण उचलावी, अशी अपेक्षा त्याच सूचनांत आहे. फिरायला निघताना खिशात कागद किंवा पिशवी ठेवणे हा शिष्टाचार तर आहेच, तो आरोग्याचाही प्रश्न आहे. पिल्लांच्या विष्ठेतून गोलकृमींची अंडी बाहेर पडतात. ती लगेच संसर्गक्षम नसतात. मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांना त्यांची बाधा होऊ शकते. त्याच दिवशी घाण उचलली, तर हा धोका बऱ्याच अंशी टळतो. पिल्लाला वेळच्या वेळी जंतनाशक औषध देणे हा त्याचाच दुसरा भाग होय.

नागपूरचे तीन ऋतू

श्वानशिक्षणाची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. २३ मे २०१३ रोजी ज्या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला, तेथे त्यांतील वेळापत्रक जसेच्या तसे चालत नाही. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, दुपारी डांबरी रस्ता आणि गच्चीची फरशी पिल्लाचे कोवळे तळवे भाजण्याइतकी तापते. जमिनीवर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून पाहावी. हाताला सोसवत नसेल, तर पिल्लालाही सोसवणार नाही. एकदा पाय भाजलेले पिल्लू ती जागाच टाळू लागते आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. उन्हाळ्यात पहाटे आणि सूर्यास्तानंतर बाहेरच्या फेऱ्या ठेवाव्यात, दुपारसाठी सावलीतील किंवा घरातील ट्रेची सोय करावी.

उन्हाळ्यात पिल्लू पाणी अधिक पिते, म्हणून फेऱ्याही अधिक लागतात. घाण होऊ नये म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवण्याचा मोह येथे जिवावर बेतू शकतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाने घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड ठेवतो. पाणी तोडलेले किंवा दुपारी गॅलरीत कोंडलेले पिल्लू उष्माघाताने दगावू शकते. कूलर असलेल्या खोलीतही खिडकी किंचित उघडी हवी. बंद खोलीत हवा दमट होते आणि दमट हवेत धापांनी शरीर पुरेसे थंड होत नाही.

पावसाळ्यात अडचण वेगळी असते. ओल्या गवतावर पाय ठेवायला अनेक पिल्ले तयार नसतात आणि पावसाने जागेचा वासही धुऊन निघतो. पोर्च, जिन्याखालची जागा किंवा पत्र्याखालचा कोपरा अशी आडोशाची जागा पावसाळ्यापूर्वीच ओळखीची करून ठेवावी. हिवाळ्यात येथे थंडीही कडक पडते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात किमान तापमान ३.५ अंश नोंदले गेले होते. अशा पहाटे उबेतून उठवलेले पिल्लू बाहेर कुडकुडते आणि काही न करताच परतते. फेरी थोडक्यात ठेवावी, पण टाळू नये.

ताटातले आणि फरशीवरचे

दिवसभर भांड्यात अन्न ठेवून दिले, तर विसर्जनाची वेळही दिवसभर पसरते. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला ठरल्या वेळी दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी भांडे उचलावे. पाणी मात्र नेहमी असावे. गाईचे किंवा म्हशीचे दूध हे पिल्लाचे पूर्णान्न, हा समजही तपासून घ्यावा. आईचे दूध सुटल्यावर दुधातील साखर पचवण्याची क्षमता अनेक पिल्लांत कमी होते आणि जुलाब सुरू होतात. जुलाब होत असलेल्या पिल्लाला कोणतेही वेळापत्रक पाळता येत नाही. आहारातील प्रत्येक बदल आठवडाभरात हळूहळू करावा.

फरशी पुसण्याचेही शास्त्र आहे. माणसाच्या नाकाला वास गेला, तरी कुत्र्याच्या नाकासाठी तो शिल्लक असतो आणि तो वास त्याला पुन्हा तेथेच बोलावतो. जैविक डाग विघटित करणारे विकरयुक्त द्रावण पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते. ते सर्वांत परिणामकारक ठरते. ते नसल्यास आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, मग साबणाच्या पाण्याने पुसून शेवटी समप्रमाणात पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसावे. संगमरवर, कोटा किंवा शहाबादी फरशीवर व्हिनेगर वापरू नये. चुनखडीजन्य दगडाची चकाकी त्याने जाते. अमोनियायुक्त द्रावणाचा वास मूत्रासारखा वाटून पिल्लू तेथेच परतण्याची शक्यता असते. काळे फिनेल तर टाळावेच. त्यातील फिनॉल वर्गातील द्रव्ये प्राण्यांना विषारी असतात आणि पिल्लू ओल्या फरशीवर चालून पाय चाटते. ब्लीचिंगचे द्रावण व्हिनेगर किंवा अमोनियात मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात.

रात्रीची व्यवस्था

झोपण्याची जागा घाण न करण्याच्या उपजत वृत्तीचा रात्री उपयोग करून घेता येतो. पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच हवेशीर पिंजरा किंवा आडोसा द्यावा. जागा फार मोठी असेल, तर एक कोपरा झोपायला आणि दुसरा विसर्जनाला, अशी वाटणी ते करते. पिंजरा हे शिक्षेचे ठिकाण नसावे. तेथे मऊ अंथरूण आणि खेळणे असावे, दार आधी उघडे ठेवून सवय करावी. पहिले काही आठवडे पिंजरा घरातील कोणाच्या तरी पलंगाजवळ ठेवावा. रात्री पिल्लाने कुरकुर केली, तर ती ऐकू यायला हवी. रात्री एकदा-दोनदा उठावे लागणे हे दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाबाबत अपरिहार्य आहे. त्या फेरीत दिवे, गप्पा, खेळ नकोत. बाहेर नेऊन लगेच परत निजवावे.

बहुतेक पिल्ले चार ते सहा महिन्यांची होईपर्यंत सरावतात. लहान चणीच्या जातींना अधिक वेळ लागतो. मध्येच आठवडाभर सारे सुरळीत चालून पुन्हा चुका होणे स्वाभाविक आहे.

सवय नव्हे, आजार

प्रत्येक ओली फरशी म्हणजे अपुरे शिक्षण नव्हे. थोड्या थोड्या वेळाने थेंब थेंब लघवी होणे, कुंथणे, लघवीत रक्त दिसणे, सरावलेल्या पिल्लाचे अचानक बिघडणे किंवा झोपेतच अंथरूण ओले होणे ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची अथवा अन्य विकाराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी पशुवैद्यकाची तपासणी आधी आणि शिस्त नंतर. घरात कोणी आले की दबून बसून थोडी लघवी करणारे पिल्लू भीतीपोटी किंवा आनंदातिरेकाने तसे करते. त्याच्यावर ओरडल्यास ते वाढते. त्याच्यावर वाकण्याऐवजी बाजूला बसावे आणि ते शांत झाल्यावरच हात लावावा. वयाबरोबर ही सवय बहुधा जाते. सहा महिन्यांनंतर नर कुत्र्याने पाय वर करून भिंती, दारे भिजवणे ही हद्द आखण्याची वृत्ती असते. निर्बीजीकरणाने ती अनेकदा कमी होते.

रस्त्यावरून घरात, घरातून रस्त्यावर

अलीकडे अनेक कुटुंबे विकतच्या पिल्लाऐवजी गल्लीतील देशी पिल्लू घरात घेतात. त्यालाही हेच नियम लागू पडतात. मातीवर वाढलेले देशी पिल्लू मातीकडेच ओढ घेत असल्याने त्याला बाहेरची सवय अनेकदा लवकर लागते. साखळीची आणि बंद दाराची सवय व्हायला मात्र वेळ द्यावा लागतो.

मोकाट कुत्र्यांना घरात घेण्याचा विषय नागपुरात न्यायालयापर्यंतही गेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, मोकाट कुत्र्यांना खाऊ घालू इच्छिणाऱ्यांनी त्यांना रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावे किंवा निवारागृहात ठेवावे, अशा आशयाचा आदेश दिला होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, खाऊ घालणाऱ्यांनी कुत्रा दत्तक घेतलाच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही, असे सांगत त्यांच्यावरील सक्तीच्या कारवाईस मनाई केली. या वादात कोणाची बाजू कोणतीही असो, एक गोष्ट सर्वांना मान्य व्हावी. घरात आणलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाऊ नये. पाळीव प्राण्याला योग्य कारणाविना सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातील कलम ११ नुसार गुन्हा आहे. सतत साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हादेखील त्याच कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कलमात दंड मात्र दहा ते पन्नास रुपये एवढाच ठेवलेला आहे. त्यामुळे पिल्लाचे खरे संरक्षण कायद्यापेक्षा घरातील माणसांच्या तयारीवरच अवलंबून राहते.

पिल्लू आणण्याचा निर्णय होताना रंग, जात, नाव यांवर भरपूर चर्चा होते. पहाटे पाचला कोण उठणार, दुपारी दोनला कोण घरी असणार आणि रात्री अकराला खाली कोण नेणार, हे तीन प्रश्नही त्याच बैठकीत सुटले पाहिजेत. ते सुटले नसतील, तर पिल्लू काही महिने उशिरा आलेले बरे.

लक्षात ठेवावे असे

- उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि निजण्यापूर्वी पिल्लाला ठरल्या जागी न्यावे. दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर तासाला एक फेरी हवी.
- योग्य जागी बसल्यास दोन-तीन सेकंदांत खाऊ द्यावा. चुकल्यास न बोलता फरशी पुसावी.
- सर्वांनी एकच जागा, एकच शब्द आणि एकच दार वापरावे. आजी-आजोबा, मुले आणि घरकामाच्या मदतनिसांनाही हे सांगून ठेवावे.
- लक्ष ठेवणे शक्य नसेल, तेव्हा पिल्लाला आडोशात ठेवावे किंवा साखळीने आपल्याजवळ ठेवावे.
- पाण्याचे भांडे दिवसा कधीही उचलून ठेवू नये. उन्हाळ्यात तर मुळीच नाही.
- चुका कोठे आणि केव्हा होतात, हे आठवडाभर दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. बहुतेक चुका ठराविक वेळेच्याच असतात. त्या वेळेच्या दहा मिनिटे आधी एक फेरी वाढवली की प्रश्न सुटतो.